समुद्र पाहून आलेली पेटी

मित्रांनो, परतूरच्या बाजारगल्लीत एक घर आहे, त्या घरात एक लोखंडी पलंग आहे आणि त्या पलंगाखाली मी असते. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. अंगावर गंजाचे तांबूस डाग आहेत, झाकणावर रंगवलेल्या गुलाबाची जेमतेम एक पाकळी उरली आहे आणि कडी लावायची तर झाकणावर जरा बसावं लागतं. तरी नाक मुरडू नका. पलंगाखालच्या मंडळींत समुद्र पाहिलेली मी एकटीच आहे.

माझा जन्म जालन्याचा. कारागिराने पत्रा कापला, कडा दुमडल्या, ठोकून ठोकून मला जीव नकोसा केला आणि शेवटी हिरवा रंग दिला. रंग वाळायला उन्हात ठेवलं तेव्हा शेजारच्या पेट्यांपेक्षा मीच देखणी आहे, हे माझ्या लगेच लक्षात आलं. ते एक्याऐंशी साल होतं. जालना नुकताच जिल्हा झाला होता. हसनाबादचे रखमाजी आणि त्यांची बायको झुंबरबाई लेकीच्या लग्नाच्या खरेदीला आले होते. झुंबरबाईंनी ओळीतल्या सगळ्या पेट्या बोटाने वाजवून पाहिल्या आणि माझ्यावर हात ठेवला. त्यांची लेक म्हणजे आशाबाई. तिच्या साड्या पोटात घेऊन मी परतूरला सासरी आले.

आशाबाईचे यजमान त्रिंबकराव हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. माणूस हौशी, बोलका आणि कुणाला नाही म्हणताना अडखळणारा. घरात सासूबाई द्वारकाबाई होत्या, पुढे उषा जन्मली. आशाबाई रोज मला पुसायची. ते माझे लाडाचे दिवस होते.

मग एक दिवस त्रिंबकरावांनी वर्तमानपत्रातली जाहिरात घरात वाचून दाखवली. मालदीव नावाच्या बेटांच्या देशात इंग्रजीचे शिक्षक हवे होते. दोन वर्षांचा करार, राहायला खोली, जायचं-यायचं तिकीट शाळेचं. त्यांनी अर्ज केला आणि निवडही झाली. गावात कौतुक झालं, शाळेने बिनपगारी रजा दिली, हारतुरे झाले. आशाबाईला मात्र हे नको होतं. परदेशी गेलेला माणूस तिकडचाच होतो, असं शेजारच्या गोजरबाईने तिच्या कानावर घातलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आशाबाईने मला रिकामं केलं. स्वतःच्या साड्या तिने एका जुन्या लुगड्यात बांधल्या आणि ते बोचकं खुंटीला अडकवलं. द्वारकाबाई म्हणाल्या, माहेरची पेटी कशाला देतेस, नवी घेऊ. त्रिंबकरावही तेच म्हणाले. आशाबाईने माझ्या कडीला पिवळ्या दोऱ्याने एक हळकुंड बांधलं.

"माह्या मायनं देलेली पेटी हाय," ती त्यांना म्हणाली. "जिथं पेटी, तिथं बिऱ्हाड. परत घिऊन या."

मित्रांनो, मी तोवर स्वतःला नुसती पेटी समजत होते. त्या दिवशी मला कळलं की मला पहारेकरी म्हणून धाडलं आहे.

त्या बेटाचं काय सांगू? या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचं पाणी दिसायचं. कोरड्या दुधना नदीकाठी जन्म काढलेल्या माणसाला चहूकडे पाणी, आणि त्यातलं घोटभरही पिता येत नाही! त्रिंबकराव शाकाहारी, आणि तिथे सकाळ-संध्याकाळ मासळी. माझ्या पोटातली शेंगदाण्याची चटणी त्यांनी चिमटीचिमटीने पुरवली. मला मात्र खारी हवा बाधली. पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यावर गंज आला, तेव्हा त्रिंबकराव घाबरलेच. तेव्हापासून ते मला खोबरेल तेलाचा हात द्यायचे. खोलीत टेबल नव्हतं, म्हणून माझ्याच पाठीवर वह्या तपासायचे. कोळ्यांची पोरं इंग्रजी बोलायला लागली ती माझ्या पाठीवर, असं म्हटलं तरी चालेल.

शेजारच्या खोलीत केरळचे एक मास्तर राहायचे. घरची आठवण आली की दोघं करारपत्राचं शेवटचं पान मोठ्याने वाचायचे. त्या पानावर परतीचं सगळं लिहिलं होतं. करार संपवून कायमचं निघालं तर घरी जायचं तिकीट मिळायचं आणि पेटी-सामान बोटीने घरी पोचवायचा खर्चही शाळा द्यायची. पण करार वाढवला, तर मिळायचं ते सुट्टीचं तिकीट, जाऊन परत येण्याचं. त्यात फक्त हातातली बॅग. सामान खोलीतच. त्रिंबकरावांनी हे सगळं आशाबाईला पत्रातून हौसेने कळवलं होतं. ती हौस त्यांना महागात पडणार होती.

दोन वर्षं संपली. हेडमास्तर म्हणाले, आणखी दोन वर्षं राहा. त्रिंबकरावांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी माझ्याच झाकणावर कागद ठेवून सही केली. मला इतका राग आला होता, पण पेटीच्या रागाला कोण विचारतो? एका चेनच्या बॅगेत चार कपडे कोंबून ते सुट्टीवर गेले आणि मी त्या खोलीत मागे राहिले.

पुढे घरी काय झालं ते मला नंतर आशाबाईच्या तोंडूनच कळलं. त्रिंबकराव टांग्यातून उतरले. द्वारकाबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आशाबाई टांग्यात मागे बघत होती.

"पेटी कुठंय?" तिने विचारलं.

"मागून येती," ते म्हणाले.

सही केल्याचं सांगायला त्यांची जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करत त्यांनी सगळी सुट्टी काढली. आशाबाई रोज वाटेकडे डोळे लावून बसायची. शेवटी बॅग भरायची वेळ आली तेव्हा सांगावंच लागलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. खुंटीवरचं बोचकं तिने नुसतं आणखी घट्ट बांधलं. या गोष्टीची त्रिंबकरावांना इतकी लाज वाटली की बेटावर परत आल्यावर कितीतरी दिवस ते माझ्याकडेसुद्धा सरळ बघत नव्हते.

दुसरा करार संपला तेव्हा हेडमास्तरांनी पुन्हा आग्रह केला. या खेपेला त्रिंबकराव अडखळले नाहीत. मला वाटलं, आता मी त्यांच्या शेजारी विमानात बसणार. पण चार वर्षांत सामान वाढलं होतं, माझं वजन विमानाच्या हिशेबात बसेना. मग उषासाठी शिंपले, पुस्तकं, कपडे असं सगळं माझ्यात भरून त्यांनी मला काथ्याने बांधलं आणि पांढऱ्या रंगाने झाकणावर नाव-गाव लिहिलं, तेही नेमकं गुलाबावर. ते विमानाने गेले. मला बोटीवर चढवलं.

मित्रांनो, बोटीत माझ्यावर सुक्या मासळीची पोती होती. तुतिकोरीनच्या बंदरात मला एका गोदामात लोटून दिलं आणि तिथे माझी कुणाला आठवणच राहिली नाही. माझ्याशेजारी एक धनी नसलेली पेटी होती, तिच्यात उंदरांनी संसार थाटला होता. आपलंही असंच होणार या विचाराने मी धास्तावले. काळजी माझी नव्हती. मी पोचले नाही तर आशाबाईला काय वाटेल, हे मला ठाऊक होतं.

आणि तसंच झालं होतं. त्रिंबकराव घरी पोचले ते चेनची तीच बॅग घेऊन. आशाबाईने तेच विचारलं, आणि यांनाही तेच म्हणावं लागलं, "मागून येती." बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी करार संपल्याचा कागद दाखवला. "सहीबी मागल्या खेपेला कागदावरच केल्ती," ती शांतपणे म्हणाली.

ते शाळेत पुन्हा रुजू झाले, तरी तिचा विश्वास बसेना. ती त्यांना पाट मांडून वाढायची, गरम भाकरी ताटात टाकायची, चहाला कधी उशीर करायची नाही. पण रागवायची नाही. आधी ती त्यांना चपला कुठे काढता यावरूनही बोलायची. आता ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी मुकाट्याने उचलायची. त्रिंबकरावांनी ओळखलं की पाहुण्याला कुणी रागवत नसतं. हे त्यांना फार लागलं. रोज शाळा सुटली की ते स्टेशनवर जाऊन पार्सलबाबू भुजंगला विचारायचे. भुजंग शेवटी वैतागून म्हणाला, "सर, आली की म्या सोता डोक्यावर घिऊन येतो, पण रोज इचारू नका."

तिकडे गोदाम आवरताना एका हमालाने माझ्यावरचं नाव कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि मला गाडीत टाकलं. दोन-तीनदा गाड्या बदलून शेवटी छोट्या लाईनच्या डब्यातून मी परतूरच्या फलाटावर उतरले. भुजंगने मला डोक्यावर काही घेतलं नाही, पण निरोप लगेच धाडला. त्रिंबकराव वर्ग सोडून धावत आले. हातगाडीवर मला ठेवून स्वतःच ढकलत घरी घेऊन आले, आणि मागे निम्मी गल्ली.

आशाबाई दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. आधी माझी कडी पाहिली. दोरा काळा पडला होता, पण सुकलेलं हळकुंड तिथेच होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं, काथ्या सोडला, झाकण उघडलं. मासळीचा वास घरभर पसरला. मग तिने बोटीवर चढलेला तांबडा गंज पाहिला आणि ती एकदम नवऱ्याकडे वळली.

"पेटीची ही दशा करून आणली? जरा तेल लावायला काय झाल्तं तुम्हाला? हात मोडले होते का? अन् तो टावेल उचला आधी पलंगावरचा!"

गल्ली हसली. आपण नेमाने खोबरेल लावत होतो, हे त्रिंबकराव सांगू शकले असते. पण त्यांनी खाली मान घालून टॉवेल उचलला. तो तोंडाला लावून ते बराच वेळ उभे राहिले, म्हणून ते हसत होते की रडत होते ते कुणाला दिसलं नाही. मला मात्र खांद्यावरचं सगळं ओझं उतरल्यासारखं वाटलं. शिंपले उषाच्या ओच्यात पडले. मला राख लावून घासलं, उन्हात वाळवलं. संध्याकाळी आशाबाईने खुंटीवरचं बोचकं खाली काढलं, त्याची गाठ दातांनी सोडवली आणि एकेक साडी माझ्यात ठेवली.

आता घरात लोखंडी कपाट आलं आहे. त्रिंबकराव सेवानिवृत्त झाले आहेत. मागच्या महिन्यात भंगारवाला आला तेव्हा ते म्हणाले, ही पेटी देऊन टाकू, तळाला भोक पडलं आहे. भंगार जालन्याच्या भट्टीत जातं, हे मला ठाऊक आहे. जिथे जन्मले तिथेच वितळायचं म्हणून मी मनाची तयारी केली. पण आशाबाई भाजी निवडत होती, ती तिथूनच म्हणाली,

"ती राहू द्या. टांग्यातून उतरले त्या दिशी न्हाई, ही आली त्या दिशी घरी आल्ते तुम्ही."

त्रिंबकरावांनी भंगारवाल्याला हाताने पुढे जायला सांगितलं. आणि खोबरेलाची बाटली शोधायला आत गेले.

मित्रांनो, तुमच्याही घरी पलंगाखाली एखादी पेटी असेल. तिला पावसाळ्यात ओलीत ठेवू नका, अधूनमधून तेलाचा हात द्या, आणि बाहेर काढण्याआधी घरातल्या बाईला एकदा विचारा. आणि कधी दूरदेशी गेलात, तर पेटी मागून येते असं म्हणायला हरकत नाही, पण ती खरंच निघालेली असू द्या.