ताईचा गाल

आमचा कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक विजेची भट्टी आणि एकमेकींचं डोकं खाणाऱ्या दोन बहिणी. मी माती वळते, ताई गिऱ्हाइकं सांभाळते. नियम एकच, पण कडक. भट्टीत जाण्याआधी कच्च्या मातीला गाल लावायचा. गार लागली तर आत ओल आहे. अशी वस्तू तापून फुटणार आणि शेजारच्या भांड्यांनाही घेऊन जाणार. आणि जिने वळलं तिने स्वतःचा गाल लावायचा नाही, कारण आपलं काम आपल्याला नेहमी वाळलेलंच वाटतं.

त्या बुधवारी हॉटेलचे ऐंशी कप भट्टीत जायचे होते. कपांवरच आमचं घर चालतं, मला मान्य आहे, पण तीन वर्षं कपांना कान चिकटवून माझेच कान किटले होते. मधल्या वेळात मी एक बाई घडवली होती, उशाला हात घेऊन झोपलेली, हातभर लांब. शुक्रवारी ती प्रदर्शनाला द्यायची होती. म्हणजे याच भाजणीत, कपांच्या शेजारी.

"लाव गाल," मी ताईला म्हटलं.

गेल्या वर्षी असंच झालं होतं. ताई "ओली आहे" म्हणाली, माझं काम फळीवरच राहिलं आणि प्रदर्शन हुकलं. तेव्हा माझं डोकं फिरलं. "तुझा गालसुद्धा कपांच्या बाजूने बोलतो," असं मी तिला तोंडावर सुनावलं होतं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता ताईने चष्मा काढला, वाकली आणि बाईच्या पाठीला गाल टेकवला. बराच वेळ टेकवला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"वाळलीये," ती म्हणाली. "ठेव आत."

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. तिने मात्र मला लगेच बाजूला केलं आणि कप मोजायला लागली.

भट्टी सुरू झाली. तापमानाचा आकडा साठ, सत्तर, ऐंशी. ताई चहा घेऊन बसली आणि तो तसाच थंड झाला. एरवी ती भट्टी लावून फोनवर बोलत फिरते. "काय गं, अशी का बसलीस?" मी विचारलं. "पाय दुखतायत," ती म्हणाली.

शंभरच्या पुढे आकडा गेला आणि आतून धडाम आवाज झाला. मग कप कोसळल्याचा खडखडाट.

भट्टी बंद केली. दार उघडता येईपर्यंत दोघी एकमेकींकडे न बघता बसून राहिलो. उघडलं तेव्हा बाईचे हात तेवढे ओळखू येत होते. बत्तीस कप गेले होते.

"तू गाल लावला होतास!" मी ओरडले. "गार लागलं नाही तुला?"

"लागलं," ताई म्हणाली. "गार होती."

"मग?"

"ओली म्हटलं असतं, तर तू विश्वास ठेवला असतास?"

उत्तर तिला माहीत होतं आणि मलाही.

हॉटेलवाल्याला फोन तिने केला. शिव्या तिने खाल्ल्या. तुकडे मी गोळा केले. प्रदर्शनाचं नाव दोघींनीही काढलं नाही.

दोन महिन्यांनी दुसरी बाई तयार झाली. पुन्हा प्रदर्शन तोंडावर, पुन्हा भट्टीत कप. मी ताईला हाक मारली. ती दारातच थांबली.

"तूच बघ ना," ती म्हणाली.

"नियम आहे," मी म्हटलं. "लाव."

तिने गाल लावला. मग मान वर न करताच, हळूच म्हणाली, "गार आहे गं."

मला रडू आलं. ते आवरलं नाही, लपवलंही नाही. बाईला दोन्ही हातांनी उचललं आणि परत फळीवर ठेवलं.

"कप लाव," मी म्हटलं. "ही पुढच्या वेळी."