गिटारीची खांदशेकणी

मोहिनीच्या हातांना घाम यायचा. घाम सगळ्यांनाच येतो, आणि श्रावणात आपल्याकडे ज्याला येत नाही त्याला डॉक्टरकडे न्यावं. पण मोहिनीच्या घामाचं लोखंडाशी हाडवैर होतं. तिच्या इलेक्ट्रिक गिटारीवर नव्याकोऱ्या तारा चढवल्या की दोन-चार दिवस त्या लखलखीत वाजायच्या. आठवडा पुरा होतो न होतो तोच काळ्या पडायच्या, बोटांना खरखरायच्या, आणि मग आवाज असा यायचा की कोणी गोधडीत तोंड खुपसून बोलतंय.

दिवसभर ती वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करायची, पिपरी मेघेला खोली करून राहायची, आणि संध्याकाळी बोरगाव मेघेला साकेतकडे बँडच्या तालमीला जायची. साकेत गिटारीचे क्लास घ्यायचा. दर पंधरवड्याला मोहिनीच्या तारा बदलून त्याचे हात दुखायला लागले होते. शेवटी एका संध्याकाळी तिला न विचारता त्याने तिच्या गिटारीवर वेगळ्याच तारा चढवून ठेवल्या.

मोहिनीने गिटार उचलली, दोन सूर वाजवले आणि कपाळाला आठी घातली. "हे काय लावलं तू?"

"कोटिंगवाल्या तारा. वरून पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे तुझा घाम आत शिरणार नाही. तिप्पट तरी टिकतील."

"टिकतील, पण हात घसरून राह्यला ना माहा. रेनकोट घालून आंघोळ केल्यासारखं वाटते."

"महिनाभर वाजव, मग बोल," साकेत म्हणाला.

मोहिनीने महिनाभर वाजवलं आणि महिनाभर बोललीही. तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जाड तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते. साध्या तारेवर बोट ठेवलं की ते बारीक वेढे बोटाला लागतात, धरून ठेवतात. बोट सरकवलं की चुईं असा आवाज येतो. मोहिनीला तो आवाज आवडायचा. नव्या तारा मात्र गुळगुळीत होत्या, आणि कितीही घासलं तरी कुरकुरत नव्हत्या. जी स्वतः उठल्यापासून झोपेपर्यंत कुरकुरते तिला न कुरकुरणारी तार कशी रुचावी? पण पाऊस लागला, खोलीच्या भिंतींना ओल आली, तरी तारा काळ्या पडल्या नाहीत, हे तिला दिसत होतं. साकेतपुढे ते कबूल करायला मात्र ती तयार नव्हती.

हे सगळं चाललं असताना तिचा जीव खरा गुंतला होता तो समुद्रपूरजवळच्या गावात, वडिलांपाशी.

नत्थूजी म्हणजे गावच्या पोळ्याचा आवाज. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की आमच्याकडे झडत्या होतात. आपल्या जोडीजवळ उभं राहून चार ओळी म्हणायच्या, समोरच्याला चिमटा काढायचा, त्याने उलट काढायचा, आणि दर झडतीच्या शेवटी सगळ्या गावाने महादेवाच्या नावाने गर्जायचं. नत्थूजींच्या झडतीला उत्तर देताना भल्याभल्यांची दातखीळ बसायची. पण त्यांच्या बैलजोडीतला चांद्या म्हातारपणाने गेला, त्याच्यामागे राजाही गेला, आणि मग शेतात भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला. गेल्या पोळ्याला नत्थूजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडून राहिले. मैदानातून झडत्या ऐकू येत होत्या, त्याही रद्दी. त्या दिवशी घरात पुरणपोळी कोणाच्याच घशाखाली नीट उतरली नाही.

मोहिनीला ती पाठमोरी बाज वर्षभर दिसत राहिली. यंदा श्रावण लागताच तिने विषय काढला. "बाबा, या वर्षी पोळ्यात चला."

"बैल नाई तं मी कोणाच्या बाजूले उभा राहू?"

"माह्या बाजूले. मी गिटार घेऊन उभी राहीन. तुम्ही झडती म्हणा, मी संग वाजवीन."

नत्थूजी हसले. "वाजन का तुह्यी ते पाटी, एवढ्या गलक्यात?"

"वाजन."

"मंग येतो. पण ऐन टायमाले ते गप बसली आन् माही फजिती झाली, तं यापुढं माह्यासमोर पोळ्याचं नाव काढू नको."

मोहिनीने हो म्हटलं. तिच्या लक्षात आलं की बाबांचे उरलेले सगळे पोळे आता आपल्या सहा तारांवर टांगलेले आहेत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गावी आली. गिटार माजघरात ठेवली, आणि संध्याकाळी मंडपवाल्या मोतीलालकडे साउंडची बोलणी करायला गेली. मोतीलालने गिटारीसाठी स्पीकरचा वेगळा डबा लावायचं कबूल केलं, वर चहा पाजला. घरी येऊन ती समाधानाने झोपली.

सकाळी गिटारीच्या बॅगेची चेन उघडली तर आतून साजूक तुपाचा वास आला.

गिटार पिवळीजर्द झाली होती. मुंडक्यापासून पोटापर्यंत, तारांवर, तारांखाली, सगळीकडे तूप-हळद माखलेली होती, आणि दोन तारांच्या मधे पळसाच्या पानाचा एक तुकडा अडकून बसला होता.

"माय," मोहिनीच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला. "हे काय केलं?"

आनंदाबाई पुरण वाटत होत्या. त्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चूक केल्याची एक रेघही नव्हती. "खांदे शेकले तिचे."

"गिटारीचे?"

"काऊन? तोरणाखाली उभी राह्यनार हाये ना आज? कोरड्या खांद्यानं पोळ्यात कोणी उभं राह्यते का? आवतनई देल्लं तिले, आज आवतन घे, उद्या जेवाले ये म्हून. कान नाई सापडला तिचा. मंग त्या बाजूच्या भोकात सांगतलं."

बाजूचं भोक म्हणजे जिथे वायर लागते ते. त्यात वाकून, डोक्यावरचा पदर सावरत, आई जेवणाचं बोलावणं देतेय, हे मोहिनीच्या डोळ्यापुढे उभं राहिलं आणि हसावं की रडावं ते तिला कळेना. रागावणं तर शक्यच नव्हतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तूप कढवून, हळद कालवून, पळसाच्या पानाने बैलांचे खांदे शेकण्यात आणि त्यांच्या कानात आवतण सांगण्यात या बाईचा जन्म गेला होता. गेल्या वर्षी तिने तूप कढवलं आणि गोठ्याकडे बघून तसंच उतरवून ठेवलं. यंदा तिला खांदा मिळाला होता. मोहिनीला आईची इतकी माया आली की ती तिथेच चुलीपुढे बसून राहिली.

पण मायेने तारा वाजत नाहीत. साध्या तारांना तूप लागलं असतं तर ते वेढ्यांमध्ये शिरून बसलं असतं, वर हळदीचा गाळ, आणि त्या तारा गिटारीवरून काढून कपडे वाळत घालायलाच उपयोगी पडल्या असत्या. दुसरा जोड पिपरी मेघेला कपाटात होता. या तारा टिकतात, जोड कशाला नेतेस, असं साकेतनेच सांगितलं होतं. सणाच्या दिवशी गावात एसटी येण्याचा भरवसा नाही, आणि तिसऱ्या प्रहरी तोरण.

मोहिनीने बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेतला आणि सगळ्यात जाड तारेला लावला. फडकं अडकेल, ओढावं लागेल, असं तिला वाटलं होतं. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ निघून गेलं आणि मागे तार चकचकीत उभी राहिली. तिने नखाने वेढे खरवडून पाहिले. आत काही नव्हतं. तिने दुसरी तार पुसली, तिसरी पुसली. तूप वरच्यावर बसलेलं होतं, पापुद्र्याने त्याला उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नव्हतं. मोहिनी एकटीच खो खो हसायला लागली. तारा लखलखीत झाल्या. बाकीची गिटार मात्र हळदीच्या नवरीसारखी पिवळी राहिली. पांढऱ्या पट्टीवरचा रंग तर साबणाने घासूनही गेला नाही.

बोटाने छेडलं तर बारीक, स्वच्छ आवाज आला. पण ते घरातलं झालं. त्या भोकात तुपाबरोबर आणखी काय काय शिरलं होतं ते मैदानात वायर लावल्याशिवाय कळणार नव्हतं.

तोरणाखाली यंदाही बऱ्याच जोड्या होत्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात किणकिणत्या घाट्या. नत्थूजी धुतलेलं धोतर आणि फेटा घालून आले, मोहिनीच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि कोणाकडेच पाहीनात. लोक मात्र त्यांच्याकडेच पाहत होते. मोतीलालने वायर आणून दिली. मोहिनीने ती खोचली. खर्र, असं झालं आणि पुढे काहीच नाही.

तिने तारा छेडल्या. काहीच नाही. नत्थूजींनी मान वळवली नाही, पण त्यांचा हात धोतराच्या काठाशी चाळा करायला लागला. मोहिनीच्या तळहातांना दरदरून घाम फुटला.

मोतीलालने वायर उपसली, टोक डोळ्यांजवळ धरलं, मग नाकाजवळ. "तूप हाये का हे?"

"लंबी कहानी हाये, मोतीलालभाऊ. पुसा पहिले."

त्याने दुपट्ट्याच्या टोकाला पीळ देऊन तो भोकात फिरवला, वायर पुसली, पुन्हा खोचली. डब्यातून घूंऽ असा जिवंत आवाज आला.

तेवढ्यात समोरच्या जोडीजवळून रोशनने डाव साधला. रोशन हा वरच्या आळीतला तरणा शेतकरी, जिभेला हाड नसलेला. कानावर हात ठेवून त्याने सुरू केलं:

"ना शिंग, ना शेपटी, ना गळ्यात घाटी,
नत्थूजीचा बैल खाते ढेप का पराटी?"

गिटारीला ढेप घालायची की कपाशीच्या काड्या, या प्रश्नावर मैदान हसलं. महादेवाची गर्जना झाली. सगळ्यांच्या नजरा नत्थूजींवर आल्या. त्यांनी घसा खाकरला. आधी महादेवाच्या नावाच्या दोन ओळी धरल्या, तर दोन वर्षं न वापरलेला आवाज निघाला तो कापरा निघाला. उंच चढला, तिथे टिकला नाही, ओळीच्या शेवटी हळूहळू खाली घरंगळू लागला. एका सुरावर ठरेचना. मोहिनीला काय वाजवावं ते कळेना. ठरावीक सूर धरला असता तर बाबा उघडे पडले असते.

तिने विचार करायचं सोडलं. जाड तारेवर बोट ठेवलं आणि बाबांच्या आवाजाच्या मागे सोडून दिलं. घामाने भिजलेलं बोट त्या गुळगुळीत तारेवरून कुठेही न अडता, न कुरकुरता, त्यांच्याबरोबर खाली आलं. ते थांबले तिथे थांबलं, ते कापले तिथे कापलं. डब्यातून निघालेला तो जाड, गोल आवाज नत्थूजींच्या आवाजाखाली जाऊन उभा राहिला. महिनाभर जिला शिव्या घातल्या ती घसरण आज तिच्या बोटांची झाली होती. नत्थूजींनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. दुसरी ओळ त्यांनी मुद्दाम लांबवली, ही येते का बघायला. ती आली. मग म्हातारा सुटला:

"ढेप नाई, पराटी नाई, तूप खाल्लं काल,
सहा याच्या शिरा आन् पिवळे याचे गाल;
तुमचे बैल ओढते बंडी, डवरा, वखर,
माह्या पोरीचा बैल ओढते गाव बरोबर."

त्यानंतरचा हर हर महादेव म्हणे पलीकडच्या गावात ऐकू गेला. रोशनने हात जोडले. नत्थूजींनी त्याला सोडलं नाही, आणखी झडत्या झाल्या, मोतीलालवरही एक झाली. तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल उधळले, आणि मोहिनीच्या लक्षात आलं की आपण मघापासून दात काढून हसतोय.

परतताना साकेतचा फोन आला. "तारा कशा आहेत?"

"चांगल्या हाये," ती म्हणाली. "तू म्हनत होता ते बरोबर हाये. एकदाच म्हनून राह्यली, पुन्हा म्हननार नाई." आणि तिने त्याला पिवळ्या गिटारीचा फोटो पाठवला. त्यावर त्याने जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं फोनवर देण्यासारखी नव्हती.

गल्लीगल्लीत बायका दारात ताटं घेऊन उभ्या होत्या. येणाऱ्या जोडीच्या पायांवर पाणी, कपाळाला कुंकू, तोंडात पुरणपोळीचा घास. नत्थूजी पुढे, मोहिनी मागे, अशी ही जोडी घराशी आली तेव्हा उंबऱ्यात आनंदाबाई तांब्या घेऊन तयार होत्या.

मोहिनीने गिटार झटकन डोक्यावर उचलली. "माय, तिच्यावर पानी नको वतू. करंटचं काम हाये."

"मले समजते," आनंदाबाई म्हणाल्या, आणि खाली वाकून त्यांनी मोहिनीच्या पायांवर पाणी घातलं.

"माय, हे काय करून राह्यली तू?"

आनंदाबाईंनी दोन्ही पाय नीट धुतले, लेकीच्या कपाळाला कुंकू लावलं. नत्थूजींनी मोहिनीच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. शेतातून आल्यावर चांद्याच्या खांद्यावर मारायचे, तशाच. मोहिनी गिटार डोक्यावर धरून तशीच उभी राहिली, कारण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आनंदाबाईंनी पोळीचा मोठा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि तिच्या तोंडाशी धरला.

"आवतन तिले देल्लं होतं," त्या म्हणाल्या. "पन तोंड कुठी हाये तिले? जेवाले तू ये."