न खणलेला कोपरा

पाचव्या भोकातूनही राखच वर आली. जमीन तपासायला आलेल्या इंजिनियर मिर्तोने ती बोटांत चुरली, हात पँटला पुसले आणि भोकं पाडणाऱ्या यंत्रावरच्या माणसाला म्हणाली, "बंद कर. झालं."

मी टोपलीतून पालकाच्या पाई काढत होते. बुधवार, म्हणून त्यात चीज नव्हतं, लोणीही नव्हतं. काम करणाऱ्या माणसांना असलं उपवासाचं देताना मला नेहमी थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण कोणी कधी तक्रार केली नाही.

"झालं म्हणजे?" अनेस्टिसने विचारलं.

"म्हणजे इथे बॅटऱ्या बसणार नाहीत, बार्बा. खाली सगळा भराव आहे."

अनेस्टिस माझा नवरा; वयस्क माणसाला आमच्याकडे 'बार्बा', म्हणजे काका म्हणतात. ही कोळशाची खाण होती तेव्हा एकतीस वर्षं त्याने इथलं मोठं चाक चालवलं. पाच मजली घराएवढं ते यंत्र डोंगर लोण्यासारखा कापायचं. आमचं जुनं गावही त्यानेच कापलं. मग खड्डा वीजकेंद्राच्या राखेने, मातीने भरला, केंद्राची धुराडी थंड पडली, आमची मुलगी जर्मनीला गेली. आता त्या भरावावर सोलर पॅनल बसायची होती, आणि रस्ते माहीत म्हणून अनेस्टिसला राखणदार नेमलं होतं.

पॅनलं हलकी असतात, ती भरावावर चालतात. बॅटरीचा एकेक डबा मात्र पस्तीस टनांचा. जमीन वीतभर खचली तरी सगळी जोडणी वाया. बॅटऱ्यांशिवाय नुसत्या पॅनलांना परवानगी नव्हती, कारण दुपारच्या विजेला आता गिऱ्हाईकच नसतं आणि दिवे लागायच्या वेळी सूर्य नसतो. महिनाअखेरपर्यंत पक्की जमीन दाखवली नाही, तर सगळा प्रकल्पच दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होता.

मिर्तोने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. पोरगी थेसालोनिकी शहरातली, तिशीची, आवाज माझ्यासारखाच हळू. "खाणीच्या हद्दीत इंचभर जागा न खणता सोडलेली नाही. आणि या पट्ट्याच्या अहवालावर तर तुमचीच सही आहे. अनेस्टिस कारासाव्विदिस."

"मग संपलं!" पाण्याचा टँकर चालवणारा सिमोस पाई चावत म्हणाला. जुना खाणवालाच तो. "त्याची सही म्हणजे देवाचा शब्द. एकतीस वर्षांत रेष चुकला नाही म्हणून कंपनीने पितळी पाटी दिलीय. बायको दर शनिवारी आरशासारखी घासते."

"लिंबाने घासते," मी म्हटलं.

अनेस्टिस हसला नाही. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या जुन्या सिमेंटच्या खांबापासून चालायला लागला. ओठ हलत होते. पावलं मोजत होता. बऱ्याच लांब गेल्यावर थांबला आणि टाच राखेत रोवली.

"इथे भोक पाड."

"बार्बा, एका भोकाला अर्धा दिवस जातो. कागदावर तिथे ऐंशी मीटर भराव आहे."

"कागदावर मी खोटं लिहिलंय."

सिमोसचा घास तोंडातच राहिला.

अनेस्टिस मिर्तोशी बोलत होता, पण बघत होता माझ्याकडे. "इथे संत मरीनाचं चर्च होतं. घंटा आणि तसबिरी नव्या गावात नेल्या, भिंती पाडल्या. उरली फक्त पवित्र मेजाची, वेदीची जागा. हुकूम आला, घे. मी चाक आणलं, अगदी इथपर्यंत आणलं. आणि वळवलं. हा कोपरा काठाला चिकटलेलाच राहिला, अंगठ्यासारखा. शंभर पावलं लांब, साठ रुंद. मोजणीदार गावचाच, देव त्याला शांती देवो. म्हणाला, मी आज चष्मा घरी विसरलो. मी लिहिलं, पूर्ण खणले. मग आजूबाजूचा खड्डा भरून आला आणि यावरही राख पडली."

"अरे लबाडा!" सिमोस ओरडला. "आणि आम्ही रेषेबाहेर बोटभर गेलो तर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचास!"

"तुम्ही झोपेत जायचात. मी जागा होतो."

सव्वीस वर्षं मी रोज संध्याकाळी धुपाटणं घेऊन अंगणात येत होते आणि या खड्ड्याकडे तोंड करून उभी राहत होते. सगळं गेलं असं समजून. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू पाद्रीबाबांना सांगितलं असतंस. रविवारी सगळा गाव फुलं घेऊन काठावर आला असता. सोमवारी वरच्यांनी दुसरा माणूस चाकावर बसवला असता."

खरं होतं. मी सांगितलंच असतं.

चर्चमध्ये त्या मेजापर्यंत बायकांनी जायचं नसतं. तसबिरींच्या भिंतीमागे काय आहे ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. आणि आता टोपली घेऊन मी तिथेच उभी होते. माझे पाय आपोआप मागे सरले.

मिर्तोने नकाशावर तो कोपरा शोधला. मग म्हणाली, "पक्की जमीन निघाली, तर हे सगळं लिहावं लागेल. खोटा अहवाल, तुमच्या नावासकट. त्याशिवाय नकाशा बदलत नाही. तुमचं नाव सगळीकडे बदनाम होईल, बार्बा."

"लिही. याखालीही सहीच करतो. फक्त एक जागा मला मोकळी दे. जेवायच्या मेजाएवढी. तिच्यावर डबा ठेवू नकोस."

तिने नकाशावर पेन्सिल फिरवली. "आगीच्या भीतीने डब्यांमध्ये अंतर ठेवावंच लागतं. मधली वाट जराशी सरकवते. आधी पक्की जमीन निघू तर दे."

यंत्र सुरू झालं. दोन मीटर राख. मग नळीतून पिवळी माती आली, घट्ट, चिकट, सुरीने कापावी लागली. तिच्याच विटांची आमची घरं होती. मिर्तोने तुकडे ओळीने लाकडी पेटीत मांडले. पाच मीटर पिवळी. बारा मीटर पिवळी. विसाव्या मीटरला खडक लागला तेव्हा त्या हळू बोलणाऱ्या पोरीने असा आवाज काढला की सिमोसने दचकून छातीवर क्रूसाची खूण केली.

अनेस्टिसने मातीला हात लावला नाही. कागद आणायला सांगितला. टँकरच्या चाकावर ठेवून, चष्मा लावून, सावकाश सही केली. तशी ठसठशीत सही मी आमच्या लग्नाच्या वहीतही पाहिली नव्हती.

घरी आल्यावर त्याने पितळी पाटी भिंतीवरून काढली.

"राहू दे की," मी म्हटलं.

"तिच्यावर 'अचूक' लिहिलंय," तो म्हणाला आणि पाटी पेटाऱ्यात ठेवली. भिंतीवर तिच्या आकाराचा फिका चौकोन उरला. मी तो रंगवू दिला नाही.

आता तिथे पांढऱ्या डब्यांच्या दोन रांगा आहेत. दिवस मावळला की पॅनलं निपचित पडतात आणि डबे गुणगुणायला लागतात. मग आमच्या गावातले दिवे लागतात. कुंपणाच्या आत आग न्यायला सक्त बंदी, म्हणून त्या मोकळ्या जागेवर पणती नाही, क्रूस नाही, काहीच नाही. नुसती जमीन.

माझं धुपाटणं मी अंगणातच फिरवते. तिथून अनेस्टिसची फेरी दिसते. मधल्या वाटेने तो सरळ येतो. त्या जागेपाशी टोपी काढतो, बाजूने वळसा घालतो, टोपी घालतो आणि पुढच्या डब्याचं कुलूप ओढून बघतो.