'रिकामी दावण'चा दुसरा आठवडा

उत्तम कलाकृतीला मरण नसतं. हे वाक्य मी रविवारच्या पुरवणीत, 'नजरेआड' या माझ्या सदरात लिहिलं, आणि त्याच दुपारी थेटरचे मॅनेजर अंबादास मला म्हणाले, "गुरुवारी उतरवतोय."

लोकांच्या नजरेतून सुटलेले चांगले चित्रपट सुचवणं, हे या सदराचं काम. 'रिकामी दावण' शुक्रवारी लागला आणि शनिवारीच नजरेतून सुटला, त्यामुळे तो माझ्या सदरात अगदी नियमानुसार बसत होता. दिग्दर्शक आपल्याच गावचा, शमशुद्दीन. उभी हयात स्टुडिओत दुसऱ्यांच्या हाताखाली राबलेला, आणि हा त्याचा पहिला चित्रपट. मुंबईच्या वितरकानं त्याला बजावलं होतं, "कोल्हापुरात दुसरा आठवडा गेला तर पुण्याला लावतो. नाहीतर रिळांचे डबे घेऊन जा घरी."

कोल्हापूरला कलापूर म्हणतात. म्हणतात ते कोल्हापूरचेच लोक. त्यांपैकी एकानंही तिकीट काढलं नव्हतं.

मी अंबादासांशी भांडलो. शेवटी ते वैतागून म्हणाले, "बुधवारचा तीनचा खेळ भरून दाखवा. दुसरा आठवडा दिला, जावा."

मग मी शिफारस करत गावभर हिंडलो. कॉलेजातल्या प्राध्यापकांनी लेख वाचला होता. लेख वाचल्यावर चित्रपट पाहायची गरज उरली नाही, अशी त्यांनी माझी स्तुती केली. वकील मंडळींनी पास मागितले. मंगळवारी संध्याकाळी मी दूधकट्ट्यावर पोचलो. तिथं ज्ञानू गवळी म्हशीच्या धारा थेट गिऱ्हाइकाच्या पेल्यात काढत होता. फेसाळ दूध पिणाऱ्या आठ-दहा पैलवानी मिशांसमोर मी कलेचा विषय काढला.

"मारामारी हाय?" ज्ञानूनं मान वर न करता विचारलं.

"नाही."

"लावणी?"

"नाही."

"मग अडीच तास करत्यात काय?"

"एक बाई दिवसचे दिवस रिकाम्या दारात बसून राहते. एक शब्द बोलत नाही."

"आमची बी बसती की. पर आमी तिकीट न्हाय लावत."

कट्टा हसला. मी संतापानं म्हणालो, "अहो, तिचा नवरा तिची म्हैस विकतो! त्या रिकाम्या गोठ्याचं दुःख आहे ते!"

"म्हैस हाय व्हय? कसली?"

"काळी."

"काळीच असती, पावणं. कुणाची म्हंतो मी."

"उचगावच्या हंबीररावांची, असं शमशुद्दीन म्हणत होता."

धार थांबली. "हंबीररावाची चंद्रा? पाडव्याला मोटारसायकलीच्या मागं पळती ती?" ज्ञानू उठून उभा राहिला. "आन् हे तुमी आता सांगताय? पेपरात ल्हिवलं का न्हाई?"

लेखात मी छायाप्रकाशाबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. म्हशीचा उल्लेख 'एक मूक प्रतीक' असा होता.

बुधवारी उचगावहून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आल्या. साऱ्या गवळीवाड्यानं दुपारची झोप मोडली. हंबीरराव कोल्हापुरी फेटा बांधून बाल्कनीत मधोमध बसले. अंबादासांनी हाउसफुल्लची पाटी शोधून पुसून लावली. शमशुद्दीन दाराशी उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. मलाही, खोटं का सांगा, आपल्या लेखणीचा थोडा अभिमान वाटला.

चंद्रा पडद्यावर आली आणि थेटर उठलं. शिट्ट्या झाल्या, गुलाल उधळला. तिनं शेपटी हलवली, तिला टाळ्या पडल्या. ती शेणाला बसली, तेव्हा 'वन्स मोअर' मिळाला. नायकानं तिला बाजारात नेऊन दलालाच्या हाती दिली, तेव्हा हंबीरराव बाल्कनीतून गरजले, "ए! म्हैस माझी हाय! तू कोन रं इकनारा?"

चंद्रा वळणाआड गेली आणि मध्यंतर झालं.

सगळे उठले. चहाला गेले असतील असं मला वाटलं. बाहेर येऊन पाहतो तो ट्रॅक्टर सुरू झालेले. मी दोन्ही हात पसरून फाटकात उभा राहिलो. "अहो, निम्मा चित्रपट राहिलाय! खरा चित्रपट आता आहे!"

ज्ञानूनं ट्रॉलीतून वाकून विचारलं, "म्हैस परत येती का?"

मी आयुष्यभर सत्याची चाड बाळगली आहे. "नाही," म्हणालो.

"मग बसून काय करायचं? सरका, पावणं."

उत्तरार्ध शमशुद्दीननं आणि मी पाहिला. शेवटी ती बाई पहाटे सवयीनं पाण्याची बादली घेऊन गोठ्यात जाते, रिकाम्या दावणीपाशी थांबते, आणि त्याच पाण्यानं आपलं तोंड धुते. मी सांगतो, त्या वर्षी त्याहून चांगलं दृश्य मराठीत कुणी घेतलं नाही. दिवे लागले तेव्हा मागं अंबादास उभे होते.

"दुसरा आठवडा दिला," ते म्हणाले. "पर मध्यंतरापातूरच दाखवतो. तीनाचे पाच खेळ बसत्यात."

मी बोललो ते इथं छापण्याजोगं नाही. सभ्य भाषेत एवढंच, की ही कलेची कत्तल आहे, आणि एका बाईचं अख्खं दुःख कापून शेपटी तेवढी विकायची, हा धंदा थेटरापेक्षा खाटीकखान्याला शोभतो. अंबादास शांतपणे म्हणाले, "लोकांस्नी तुमीच बोलावलं न्हवं?"

मी शमशुद्दीनकडे पाहिलं. म्हटलं, आता हा तरी पेटेल.

"पुण्याला लागंल न्हवं?" त्यानं विचारलं.

पुण्याला लागला. वितरकानं पोस्टरवर चंद्रा मोठी काढली, बाई काढलीच नाही, आणि डबे पाठवले ते पूर्वार्धाचेच. मी 'नजरेआड'मध्ये सलग दोन रविवार आग ओकली. संपादकांनी दुसऱ्या लेखासोबत चंद्राचा फोटो छापला. तो अंक उचगावात संपला.

पुण्यातलाही दुसरा आठवडा सरायच्या आत हंबीररावांनी चंद्रा बिद्रीच्या एका बागायतदाराला विकली. सिनेमातली म्हैस म्हणून भाव चांगला आला.