मसावि एक आला नाही

दादा आणि धाकटी एकाच कंपनीत होते. दादा प्रोग्राम लिहायचा, धाकटी तपासणीत होती. कंपनी घरांच्या दारांना लागणारी, फोनने उघडणारी कुलुपं बनवायची. प्रत्येक कुलपात सुमारे सहाशे अंकांची एक संख्या असे, दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार. हा गुणाकार चारचौघांत उघडा ठेवला तरी बिघडत नाही. त्यातून त्या दोन संख्या हुडकायला जगातले सगळे संगणक जन्मभर राबले तरी पुरे पडणार नाहीत. मूळ संख्या निवडणारा प्रोग्राम दादाचा होता, आणि त्याचा त्याला कोण अभिमान.

एका दुपारी धाकटीने सहज म्हणून विकलेल्या कुलपांच्या संख्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. कुठल्याही दोन संख्यांचा मसावि एक यायला हवा. येतही होता. मग एका जोडीपाशी पडद्यावर अंकांची लांबलचक रांग उमटली. दोन कुलपांत एक मूळ संख्या सामाईक होती. ती हाती लागली की उरला नुसता भागाकार, आणि दोन्ही दारं उघडी. थोड्या वेळाने आणखी जोड्या निघू लागल्या.

ती तडक दादाच्या टेबलाशी गेली.

"तुझा प्रोग्राम त्याच त्या मूळ संख्या परत काढतोय."

"काहीतरीच काय? इतक्या मूळ संख्या पडल्यात की..."

तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"कुलूप पहिल्यांदा चालू होतं ना, तेव्हा पत्त्यांसारखे आकडे पिसायला त्याच्याकडे काहीच वेगळं नसतं," तो हळूच म्हणाला. "बरीचशी एकाच जागेपासून सुरुवात करतात, मग पहिली मूळ संख्या तीच निघते. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"लोकांच्या दारांवर बसलेल्या कुलपांचं काय?"

"नव्यांत दुरुस्त करतो. जुन्यांचं तू बोलू नकोस. कोण कशाला मसावि काढत बसतंय?"

"मी नाही का काढला? माणसं झोपतात रे त्या दारांआड."

"धाकटी आहेस, आजी होऊ नकोस," तो म्हणाला. दोघांनाही हसू आलं नाही.

तो स्वतःहून सांगेल म्हणून ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबली. तो मान खाली घालून काम करत राहिला. मग तीच साहेबांच्या खोलीत गेली. तिने त्यांना जोड्यांची यादी दाखवली.

कुलुपं परत मागवली गेली. दादाने राजीनामा दिला आणि तिचे फोन घेणं बंद केलं. एका रविवारी ती न कळवता त्याच्या घरी गेली. वहिनीने दार उघडलं, "बसा" म्हणाली आणि आत निघून गेली. बऱ्याच वेळाने दादा बाहेर आला. दाढी वाढलेली.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

ते खरं की खोटं, तिला कळेना.

"शेवटी किती जोड्या निघाल्या?" त्याने विचारलं.

तिने आकडा सांगितला. कमी करून सांगावासा वाटला होता, पण कमी केला नाही. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"एवढ्या," तो म्हणाला, आणि आतल्या खोलीत गेला.