किनोव्हियोची घंटी

नवे मठाधिपती मेथोडियोस आले आणि आमचा मठ किनोव्हियो झाला. ग्रीसमधल्या आमच्या आथोस पर्वतावर या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे: एक टेबल, एक तिजोरी आणि एकाच माणसाची इच्छा. त्याआधी प्रत्येक साधू आपल्या खोलीत आपलं शिजवून खायचा. म्हाताऱ्या प्रोड्रोमोसबाबांची चूल पहिल्याच आठवड्यात उचलून नेली.

एकत्र जेवणात मठाधिपतींनी घंटी वाजवली की जेवण संपतं. घास तोंडात असला तरी उठायचं. बाबांना दात नव्हते, त्यामुळे त्यांचं अर्धं ताट रोज तसंच राहायचं. ते डोळ्यांदेखत वाळत चालले होते. एके दिवशी घंटी वाजली तेव्हा आम्ही सगळे उठलो. बाबा मात्र मसुराच्या सूपमध्ये पाव बुडवत बसून राहिले.

"बाबा, घंटी झाली," मेथोडियोस म्हणाले.

"ऐकली. दात गेलेत माझे, कान नाही."

"किनोव्हियो म्हणजे सगळ्यांनी एकत्र जेवायचं."

"मग थांब की माझ्यासाठी! मीच तेवढा तुझ्याबरोबर पळायचं, तू माझ्याबरोबर बसायचं नाहीस, हे कुठलं एकत्र?"

"पटत नसेल तर उद्या सकाळी बोट आहे."

"बरं झालं. तिथं तुझी घंटी तरी नसेल."

सकाळी बाबा खरंच निघाले. त्यांना धक्क्यापर्यंत सोडायला मी परवानगी मागितली.

"परत येताना तू एकटा असशील. किनोव्हियोत कुणी एकट्याने कुठे जात नाही," मेथोडियोस म्हणाले.

खिडकीतून पाहिलं तेव्हा बाबा बोचकं घेऊन एकटेच उतार उतरत होते.