घोट्याची पकड

अकरा वर्षं सिद्धेशने कुणाचा घोटा धरला नव्हता. सांगलीत कबड्डी खेळताना तो डावा कोपरा सांभाळायचा. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्याच्या हातात आला की सुटत नसे. पुढे नोकरीसाठी जर्मनीतल्या बोब्लिंगेनला आला आणि आयरिश मंडळींच्या क्लबात गेलिक फुटबॉल खेळायला लागला. इथेही त्याच्या वाट्याला बचावाचा कोपराच आला. पण या खेळात चेंडू हातात घेऊन पळता येतं, पळणाऱ्याला धरता मात्र येत नाही. सिद्धेशने हात आवरले. समोरच्याला सावलीसारखं चिकटायचं आणि चेंडू तेवढा चापटीने काढायचा. अकरा वर्षांत एक कार्ड नाही.

आणि आज, खेळ सोडण्यापूर्वीच्या त्याच्या शेवटच्या फायनलला, कॅप्टन डोनल म्हणाला, "तू बाहेर बस. डब्लिनहून नवा पोरगा आलाय. तू समोशांच्या स्टॉलवर बायकोला मदत कर ना!"

"त्याला म्हणावं, तूच तळ," त्याची बायको कादंबरी स्टॉलवरून झारा उगारून म्हणाली.

सिद्धेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तीन मिनिटं उरली असताना नवा पोरगा लंगडत बाहेर आला. क्लब दोन गुणांनी पुढे होता. "सिद्धेश, श्नेल! लवकर!" डोनल ओरडला.

तो उतरतो न उतरतो तोच समोरचा लांबटांग्या फॉरवर्ड चेंडू घेऊन त्याच्याच बाजूने सुटला. गोलाचे तीन गुण, म्हणजे सामना गेलाच. सिद्धेश एक पाऊल मागे पडला. ते पाऊल पूर्वी त्याने भरून काढलं असतं; आज पाय साथ देईनात. मग हातच खाली गेले. घोटा! फॉरवर्ड तोंडावर आपटला.

मुद्दाम पाडल्याबद्दल सिद्धेशला काळं कार्ड मिळालं आणि तो मैदानाबाहेर गेला. फ्री किकवर समोरच्यांना एकच गुण मिळाला आणि क्लब एका गुणाने जिंकला.

डोनलने त्याला खांद्यावर उचललं. "याला म्हणतात डिफेंडर! इतकी वर्षं कुठे लपवलं होतंस हे?"

"खाली ठेव."

"अरे, पण..."

"खाली ठेव म्हणतो ना! अकरा वर्षं नियमाने कोपरा राखला, तेव्हा कधी नाव घेतलंस? आज लबाडी केली, तर खांद्यावर?"

डोनल हसला. त्याला ती थट्टाच वाटली.

सिद्धेशने स्टॉलवरून बर्फाची पिशवी उचलली आणि तो फॉरवर्डच्या सुजलेल्या घोट्याशी जाऊन बसला.

"तू कधी धरत नाहीस, हे सगळ्यांना माहीत आहे," फॉरवर्ड रागाने म्हणाला. "म्हणून तर तुझ्या बाजूने पळालो."

मागून फोटोसाठी हाका येत होत्या.

"गप्प बसा रे!" सिद्धेश मराठीत ओरडला, आणि बर्फ दाबून धरून राहिला.